आंबे नंतर विका, आधी ट्रॅफिक आणा

देवगडात वाडवडिलांपासूनची बाग असेल, ठरलेली गिऱ्हाइकं फेब्रुवारीतच फोन करून पेट्या सांगून ठेवत असतील आणि माल मे संपायच्या आत उचलला जात असेल, तर सावध व्हा. तुमचा धंदा फारच मागासलेला आहे. माणसं फोन करतात, पैसे पाठवतात, आंबे खातात. यात ट्रॅफिक, म्हणजे वेबसाइटवर येणाऱ्यांची वर्दळ, कुठे आहे? तेव्हा वेबसाइट काढा, आणि ती एकदा काढलीत की आंब्यांकडे लक्ष देण्याची चैन बंद करा.

वेबसाइटवर येणाऱ्याला साधारण दोनच गोष्टी हव्या असतात: पाच डझनांच्या पेटीचा भाव काय, आणि ती पुण्यात कधी पोचेल. या दोन्ही गोष्टी जितक्या खाली ढकलता येतील तितक्या ढकला. वर लेख हवा. लांबलचक. सुरुवात ‘हापूस हा फळांचा राजा आहे’ इथून, मग पोर्तुगीज, मग जीवनसत्त्वं, मग मधुमेह्यांनी आंबा खावा का, मग २०१८ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन. आणि दर तीन ओळींनी असं एखादं वाक्य पेरा: ‘देवगड हापूस ऑनलाइन पुणे घेताना खात्रीचे देवगड हापूस ऑनलाइन पुणे विक्रेते निवडल्यास देवगड हापूस ऑनलाइन पुणे घरपोच मिळतो.’ वाचणाऱ्याला धाप लागली तर लागू द्या, हे गूगलच्या शोधयंत्रासाठी आहे, त्याने तुम्हाला वर दाखवावं म्हणून, आणि यंत्राला फुप्फुसं नसतात.

एवढ्यानेही भागलं नाही तर यंत्रासाठी एक आणि माणसांसाठी दुसरंच, अशी वेगळी पानं करा. जुनी युक्ती आहे. बीएमडब्ल्यूच्या जर्मन वेबसाइटने ती केली होती, आणि २००६ साली गूगलने तिला शोधाच्या यादीतून सरळ काढून टाकलं. काही दिवसांत परत घेतलं म्हणा. तुम्हालाही घेतील, फक्त आधी बीएमडब्ल्यू व्हायला हवं. पानाच्या पोटात यंत्रासाठी दडवलेल्या शब्दांचे, म्हणजे ‘मेटा कीवर्ड’चे, पैसे मात्र वेबसाइट वर आणून देणाऱ्या एजन्सीला जरूर द्या. क्रमवारी लावताना आपण ते बघतच नाही असं गूगलने २००९ मध्ये जाहीर केलं, पण दरपत्रक त्याआधीचं आहे.

लगेच निकाल मागू नका. असल्या कामाला चार महिने ते वर्ष लागतं, असं खुद्द गूगलची माणसं सांगतात. हापूसचा हंगाम मार्च ते मे. वजाबाकी करत बसण्यापेक्षा गूगलवर जाहिरात लावा.

जाहिरातीचं काम सोपं आहे, कारण सगळ्या खुणा आधीच करून ठेवलेल्या असतात. आपण फक्त कार्डाचा नंबर द्यायचा. ‘ब्रॉड मॅच’ची खूण चुकूनही काढू नका. तुम्ही ‘हापूस आंबा’ एवढंच लिहायचं, त्याच्या आसपास काय काय येतं ते गूगल ठरवेल. लोकांनी नेमकं काय शोधलं म्हणून तुमची जाहिरात दिसली, याचा एक अहवाल असतो. तो उघडलात तर ‘हापूस कलम रोप भाव’, ‘आंबा मोहोर तुडतुडे औषध’, ‘कैरीचं लोणचं’, ‘देवगड किल्ला’ असली रत्नं सापडतील, आणि परीक्षेच्या दिवसांत ‘माझे आवडते फळ आंबा निबंध दहा ओळी’. सहावीतला कुणी मुलगा आईच्या फोनवरून तुमच्या जाहिरातीवर बोट ठेवेल, ‘फळांचा राजा’पासून जीवनसत्त्वांपर्यंतचा मजकूर वहीत उतरवेल आणि निघून जाईल. त्याच्या त्या बोटाचे पैसे तुम्ही भराल. ‘निबंध’, ‘रोप’, ‘लोणचं’ हे शब्द वगळायची सोय आहे, नाही असं नाही. पण ते वगळले की भेटी घटतात, आणि खाली येणारा आलेख एजन्सीला बघवत नाही.

ठिकाण म्हणून पुणे निवडा आणि पुढचं वाचू नका. मूळ सेटिंगमध्ये पुण्यात असलेलेही येतात आणि पुण्यात नुसता रस असलेलेही. म्हणजे लखनौत बसून पुण्यातल्या कॉलेजची फी बघणारा विद्यार्थीसुद्धा तुमचं संभाव्य गिऱ्हाईक. रोजचं बजेट ५०० रुपये टाका आणि एखाद्या दिवशी १,००० गेले तर ओरडू नका. दिवसाला दुपटीपर्यंत खर्च करायची मुभा गूगलने २०१७ पासून स्वतःला देऊन ठेवली आहे, महिन्याचा हिशेब ते ३०.४ दिवसांनी बसवतात.

खात्यात वरच्या बाजूला तुम्हाला शंभरपैकी गुण दिलेले असतात. ते वाढवायचे तर शिफारशी मान्य करायच्या, आणि त्यात ‘बजेट वाढवा’ ही शिफारस हटकून असते. (शिफारस फेटाळली तरी गुण वाढतात. हे कुणाला सांगू नका, परीक्षेवरचा विश्वास उडेल.)

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या बागेचं नाव कुणी टाइप केलं, तरी सगळ्यात वर दुसऱ्याच कुणाची तरी जाहिरात दिसू शकते, आणि तिच्या पेटीतला आंबा कर्नाटकातून आलेला असला तरी पेटीवर ‘देवगड’ छापायला शाई लागतेच कितीशी! यावर उपाय एकच, स्वतःच्याच नावावर बोली लावा. बागेचं नाव आजोबांनी ठेवलेलं, गिऱ्हाईक वडिलांच्या वेळचं, ते नावानिशी शोधत तुमच्याच दारात आलेलं, आणि त्याने दारावर टकटक केल्याचे पैसे द्यायचे तुम्ही. याला ब्रँडिंग म्हणतात.

आपण कितवे आहोत हे बघायचं असेल तर बागेतच उभं राहून शोधा. गूगल जवळचं आधी दाखवतं, त्यामुळे कलमाखाली तुम्ही पहिले याल. त्याचा स्क्रीनशॉट भावकीच्या ग्रुपवर टाका. पिकलेला हापूस कसा ओळखावा हे तुम्ही जीव तोडून लिहिलं असेल, तर त्याचं सार आता एआय परस्पर वरच सांगून मोकळं होतं. लोकांना माहिती मिळते, तुमच्याकडे यायचे त्यांचे श्रम वाचतात.

महिन्याअखेर अहवाल येईल. रंगीत, वीस पानी, हिरव्या बाणांनी भरलेला. जाहिरात किती जणांच्या डोळ्यांपुढून गेली ते पहिल्या पानावर, किती पेट्या गेल्या ते कुठेच नाही. ‘कन्व्हर्जन’, म्हणजे बघ्याचं गिऱ्हाईक झालं, अशा नावाचा एक रकाना असतो, त्यात व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणाला हात लागलेले सगळे मोजलेले असतात. ‘आते, यंदा फुकट पेटी कधी पाठवतेस?’ असं विचारणारा भाचाही त्यातच. समजा, तुम्ही धीर करून पेट्यांचं विचारलंतच, तर ‘मॅडम, सध्या आपण अवेअरनेसवर काम करतोय’ असं उत्तर मिळेल. माघार घ्या.

जूनमध्ये, मिरग लागून उरलासुरला माल किलोच्या भावाने कॅनिंगला गेला की एजन्सीचा फोन येईल. अभिनंदन, आपण गूगलच्या पहिल्या पानावर आलो! मग ऑर्डरी यायला लागतील आणि तुम्ही प्रत्येकाला ‘आता पुढच्या मार्चमध्ये’ असं कळवाल. तोवर वेबसाइट थंड पडू नये म्हणून ‘फणस खाण्याचे दहा फायदे’ लिहायला घ्या आणि पुढच्या वर्षाचं पॅकेज आत्ताच घेऊन टाका. आगाऊ भरलंत तर दहा टक्के सूट आहे. १८ टक्के जीएसटी तेवढा वेगळा.