कीथ मिलरचा फुटबॉल टाइमपास नव्हता, ती पोस्ट चुकीची आहे

क्रिकेटच्या ग्रुपांवर एक पोस्ट सारखी फिरतेय. ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटर कीथ मिलर दुसऱ्या महायुद्धात वर्षानुवर्षं जर्मन फायटर विमानांशी रोज झुंजला, फुटबॉल तरुणपणी टाइमपास म्हणून खेळला आणि युद्ध संपल्यावर तो सोडून क्रिकेटकडे वळला, असं त्यात लिहिलंय. वाचून वाईट वाटतं, कारण माणूस खरंच मोठा होता आणि त्याची अर्धी गोष्टच गायब केलीय.

आधी युद्धाचं बघू. पायलट होता, खरंय, पण 1943 ला इंग्लंडला पोचल्यावर बराच काळ ट्रेनिंगमधेच गेला आणि मॉस्किटो विमानातून प्रत्यक्ष मोहिमा केल्या त्या 1945 मधे, युद्धाच्या शेवटच्या आठवड्यांत. त्याचं ते "ढुंगणामागे मेसरश्मिट (म्हणजे जर्मन फायटर विमान) लागतं त्याला प्रेशर म्हणतात" वालं प्रसिद्ध वाक्य त्याने कितीतरी वर्षांनी मायकेल पार्किन्सन या ब्रिटिश टीव्ही मुलाखतकाराला सांगितलं, क्रिकेटमधल्या प्रेशरचा विषय निघाला तेव्हा, त्यावरून रोजच्या हवाई लढाया कशा काय काढता? धोका मात्र शंभर टक्के खरा होता. 23 मे 1943 ला इंग्लंडच्या बोर्नमथ शहरावर जर्मन बॉम्ब पडले, त्यात त्याचे मित्र गेले, आणि तो वाचला कारण त्या दिवशी क्रिकेट मॅच खेळायला लंडनला गेला होता.

आता फुटबॉल. हा आपला गोल बॉलवाला फुटबॉल नाहीच मुळी, ऑस्ट्रेलियन रूल्स आहे, अंडाकृती बॉल, एका टीमचे 18 जण मैदानात, आणि खेळायचं क्रिकेटच्याच भल्यामोठ्या ग्राउंडवर. त्यातली तेव्हाची सगळ्यात वरची लीग व्हीएफएल (व्हिक्टोरियन फुटबॉल लीग), तिथे मिलर मेलबर्नच्या सेंट किल्डा क्लबकडून 50 मॅच खेळला, 42 गोल मारले, त्यातले 8 तर 1941 मधे नॉर्थ मेलबर्नविरुद्ध एकाच मॅचमधे! टाइमपास म्हणून खेळणाऱ्याला हे जमत नाही हो.

आणि "युद्धानंतर सोडला" हे तर तारखांतच बसत नाही. 1945 च्या शेवटी तो ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेस, म्हणजे सैन्यातल्या खेळाडूंच्या टीमबरोबर भारतात क्रिकेट खेळत होता, मार्च 1946 ला न्यूझीलंडमधे वेलिंग्टनला टेस्ट पदार्पण झालं, आणि त्याच वर्षीच्या फुटबॉल सीझनला गडी परत सेंट किल्डाच्या जर्सीत, म्हणजे टेस्ट प्लेयर झाल्यावरसुद्धा. पुढे सिडनीला राहायला गेला म्हणून सेंट किल्डा सुटलं, फुटबॉल नाही, तिथे तो न्यू साउथ वेल्स राज्याच्या फुटबॉल टीमकडूनही खेळला.