शाळा उघडायची की नाही, हे गावाला ठरवू द्या

कोरोनाच्या तिसऱ्या लाटेत 10 जानेवारी 2022 पासून राज्यातल्या शाळा पुन्हा बंद करण्याचा आदेश निघाला, तो थेट 15 फेब्रुवारीपर्यंतचा. त्याच आदेशात हॉटेलं निम्म्या गिऱ्हाइकांवर रात्री दहापर्यंत चालू, थिएटर चालू, लग्नाला 50 माणसं चालत होती. आमच्या अमळनेर तालुक्यातल्या गावात झेडपीच्या शाळेचा पट 40 च्याही आत आहे, तिला मात्र कुलूप! मी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे आणि मला हे अजिबात पटलेलं नाही.

पहिली ते चौथीची पोरं मार्च 2020 नंतर एकदम 1 डिसेंबर 2021 ला वर्गात आली. जवळपास पावणेदोन वर्षांनी. माझी मुलगी पहिलीत होती तेव्हा शाळा बंद पडली, आता ती तिसरीत आहे. दुसरीचा वर्ग तिने पाहिलाच नाही. धडा वाचायला घेतला की काना-मात्रा बरोबर ओळखते, पण जोडाक्षर आलं की त्यावर बोट ठेवून माझ्या तोंडाकडे बघत बसते. डिसेंबरात गुरुजी रोज फळ्यावर थोडे जोडाक्षरी शब्द लिहून घ्यायचे, 'रस्ता', 'पुस्तक', 'गोष्ट'. महिन्याभरात ती अडखळत का होईना, वाक्य पूर्ण करायला लागली होती. आणि पुन्हा बंद.

मोबाईलवर शिका म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे यावं. घरात एकच स्मार्टफोन, तो सकाळीच बापाबरोबर वावरात जातो. तिकडे नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर तर रेंजसाठी टेकडी चढावी लागते. 2021-22 च्या हंगामात कापसाला भाव चांगला होता, वेचणीला मजूर मिळत नव्हता, म्हणून सातवी-आठवीची पोरं किलोवर वेचायला गेली. एका आईला विचारलं तर म्हणाली, "शाळा उघडनी ते धाडसू ना भाऊ." ती धाडेलही. पण हातात पैसा आलेला पोरगा बाकावर परत बसेल का, ही मला धास्ती आहे. मुलींचं तर विचारूच नका, शाळा सुटली की घरात स्थळांच्या गोष्टी सुरू होतात.

लोकांची भीती खोटी नाही. एप्रिल 2021 मध्ये ऑक्सिजनसाठी कशी धावाधाव झाली ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, प्रत्येक गल्लीतलं कुणी ना कुणी गेलं. लहान मुलांना हा आजार सहसा जड जात नाही, पण घरी आजी-आजोबा आहेत. म्हणून 'उघडा' म्हणताना कसं उघडायचं, तेही आपणच सांगितलं पाहिजे.

हा विषाणू बंद खोलीतल्या हवेत साचतो, मोकळ्यावर विरून जातो. मग बाकं पुसण्यात आणि सॅनिटायझरच्या बाटल्यांत निम्मी ताकद कशाला घालवायची? थंडी आहे म्हणून खिडक्या लावून बसण्यापेक्षा वर्ग पटांगणात उन्हात भरवा. आमच्या शाळेत निंबाचं झाड आहे, ओटा आहे. पट मोठा असेल तर निम्मी पोरं आज, निम्मी उद्या. मास्क निघतो तो जेवताना, म्हणून खिचडी पुन्हा शिजायला लागेल तेव्हा ती उघड्यावर, पाळीपाळीने. ताप-खोकला असेल तर मूल घरी, आणि त्याची हजेरी कापायची नाही, नाहीतर आया गोळी देऊन पाठवतात. गुरुजींचे आणि स्वयंपाकीण बाईंचे दोन्ही डोस झालेले हवेत. आश्रमशाळांचं वेगळं आहे, तिथे पोरं एका हॉलमध्ये झोपतात, तिथे तपासणीशिवाय घाई नको, हे मलाही मान्य आहे.

दुसरी लाट येण्याआधीच आपल्याच नंदुरबारने ऑक्सिजनचे प्रकल्प उभे केले होते, म्हणून त्या लाटेत तो जिल्हा तरला. म्हणजे मधल्या काळात तयारी होऊ शकते. शाळांसाठी तेवढाच वेळ होता. किती खोल्यांच्या गंजलेल्या खिडक्या उघडत्या झाल्या? किती शाळांच्या नळाला पाणी आलं? गुरुजींना तर कधी सर्व्हेला, कधी नाक्यावर ड्युटीला लावलं.

मला सगळ्यात खटकतं ते हे. जुलै 2021 मध्ये सरकारनेच ग्रामीण भागात आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करायला गावाच्या पातळीवर समिती नेमली होती. सरपंच अध्यक्ष, सोबत मुख्याध्यापक, तलाठी, ग्रामसेवक, वैद्यकीय अधिकारी. गावात रुग्ण किती, शाळा किती मोकळी, हे त्यांना माहीत असतं. मग जानेवारी 2022 मध्ये अख्ख्या राज्याला एकच कुलूप का? पुण्या-मुंबईत रुग्ण वाढले म्हणून आमच्या मूठभर पोरांनी घरी बसायचं? गावात रुग्ण वाढले तर आम्हीच आठवडाभर बंद ठेवू की. शिवाय 15 ते 18 वर्षांच्या मुलांची लस 3 जानेवारी 2022 ला सुरू झाली. ही मुलं एकाच जागी सापडतात ती शाळा-कॉलेजात. आठवडाभरात तेच दार लावून घेतलं.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक असतात, एकूण समितीत निम्म्या बाया. ही समिती नुसती सह्या करायला नाही. या आठवड्यात आम्ही बैठक घेतोय आणि शाळा पटांगणात सुरू करण्याचा ठराव ग्रामपंचायतीमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवतोय. पारोळा, चोपडा, शिंदखेडा, तुम्ही जिथे असाल तिथल्या समितीला हे विचारा. ठरावाचा मसुदा हवा असेल तर मेसेज करा, लगेच पाठवतो.