बॅकअप आहे म्हणे!

वीज गेली तरी गॅरेजचे दार उघडेल, या एकाच वचनावर बॅटरी बॅकअप नावाची वस्तू विकली जाते आणि नेमके तेच वचन ती पाळत नाही. तिच्याकडे दुसरे कोणतेही काम नसते. वर्षातले बहुतेक सगळे दिवस ती छताशी किंवा कोपऱ्यात वीज पीत बसून राहते, तिच्याकडून कोणी कसली अपेक्षा करत नाही, तिला कोणी हातही लावत नाही. आणि ज्या एखाद्या रात्री सगळीकडे अंधार असतो, पाऊस कोसळत असतो आणि माणूस बंद दारासमोर गाडी उभी करून रिमोटचे बटण दाबत असतो, त्या रात्री तिने मान टाकलेली असते. या प्रकाराचा मला आता इतका उबग आला आहे की जरा सविस्तर चिडणे भाग आहे.

पहिला राग त्या उंटावरच्या शहाण्यांवर, जे सांगतात की संगणकाचा यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर संगणक बॅटरीवर चालू ठेवणारे खोके, ओपनरला, म्हणजे दार वरखाली करणाऱ्या मोटरच्या यंत्राला जोडा, काम भागेल. यूपीएसच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) छापलेले असते आणि ओपनरवर अर्धा हॉर्सपॉवर. अर्धा हॉर्सपॉवर म्हणजे ३७३ वॉट, म्हणजे ६०० मध्ये सहज मावले, असा हिशेब दुकानात उभ्या उभ्या केला जातो आणि विकणारा मान डोलावतो. या हिशेबात एकही आकडा जागेवर नाही. ते ३७३ वॉट मोटर बाहेर देते तेवढे. त्यासाठी ती आत घेते पाचशे-सहाशे. यूपीएसचे ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हेत. त्या वर्गातले बरेच यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॉटच देतात आणि तो आकडा खोक्याच्या मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात असतो. शिवाय जुन्या धाटणीच्या ओपनरमधली एसी मोटर थांबलेल्या स्थितीतून फिरू लागताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. हा सुरुवातीचा झटका अर्ध्या-एक सेकंदाचाच असतो, पण यूपीएसला ओव्हरलोड जाहीर करून हात वर करायला तेवढा वेळ भरपूर होतो.

त्यात हे स्वस्त यूपीएस जी वीज तयार करतात ती खरी साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर, नसतेच. पायऱ्यापायऱ्यांची, ओबडधोबड वेव्ह असते. संगणकाच्या पॉवर सप्लायला ती चालून जाते, कारण तो आलेली एसी वीज आधी डीसीच करून घेतो. ओपनरच्या एसी इंडक्शन मोटरला मात्र त्या पायऱ्या सोसत नाहीत. ती घुमते, तापते आणि जोर कमी लावते. बटण दाबल्यावर काय होते ते एकदा जवळ उभे राहून पाहावे. ओपनरवरचा दिवा लागतो आणि लगेच मलूल होतो, साखळी ताणली जाते, मोटरमधून नेहमीचा खरखराट न येता एक जाड, दबका गुणगुणाट येतो, दार जमिनीपासून वीतभर उचलले जाते, आणि तेवढ्यात यूपीएस एक लांबलचक किंकाळी फोडून बंद पडतो. आता दार धड बंदही नाही आणि उघडेही नाही. खालच्या फटीतून मांजर आत जाईल, गाडी जाणार नाही. वीज नव्हती तेव्हा निदान दार कुलूपबंद तरी होते; बॅकअपने तेवढीही सोय ठेवली नाही.

खरी चीड येते ती हे कळल्यावर, की दार उचलायला ऊर्जा लागते ती अगदी चिमूटभर. पाचशे वॉट, पंधरा सेकंद: म्हणजे जेमतेम दोन वॉट-तास. साध्या यूपीएसमधल्या १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदोपत्री ८४ वॉट-तास असतात. एवढ्या जोरावर दार कितीतरी वेळा वरखाली व्हायला हवे. मग होत का नाही? कारण वीज गेल्या क्षणापासून यूपीएस आपला इन्व्हर्टर चालू ठेवतो, कोणी दार उघडो वा न उघडो. त्या नुसत्या जागरणात दहा-पंधरा वॉट जातात आणि रिमोटच्या हाकेची वाट पाहत बसलेला ओपनर आणखी चार-पाच वॉट खातो. वीस वॉटच्या हिशेबाने ८४ वॉट-तासांची बॅटरी चार तासांत संपते, जुनी असेल तर दोनच तासांत. म्हणजे वीज दुपारी गेली आणि माणूस रात्री परतला, तर बॅटरीने आपली सगळी पुंजी नुसते जागे राहण्यात उधळलेली असते. ज्या कामासाठी तिला आणले, त्यातला पंधरा सेकंदांचा वाटाही ती राखून ठेवत नाही. यूपीएस बंद ठेवून गरजेपुरता चालू करावा म्हटले, तर त्याचे बटण गॅरेजच्या आत आणि आपण बाहेर!

आणि तो दिवा! ओपनरमधला साठ वॉटचा जुना बल्ब दार हलले की लागतो आणि पुढे चार-पाच मिनिटे जळत राहतो. साडेचार मिनिटांचे झाले साडेचार वॉट-तास, म्हणजे दार उचलायला लागते त्याच्या दुपटीहून जास्त. दार उघडण्यापेक्षा ते उघडलेले दार दाखवण्यावर जास्त वीज खर्च करणारी ही व्यवस्था कोणाच्या डोक्यातून निघाली असेल, हे जाणून घ्यायची मला फार इच्छा आहे. एलईडी बल्ब लावून हा खर्च आटोक्यात येतो हे मान्य. पण कित्येक एलईडी बल्ब रिमोटच्या सिग्नलमध्येच व्यत्यय आणतात, हे मागाहून समजते.

यावर उत्तर म्हणून ज्यात बॅटरी आतच बसवलेली असते असे डीसी मोटरचे ओपनर पुढे केले जातात. त्यांची रचना शहाणपणाची आहे, हे रागातही नाकारता येत नाही. मोटर डीसीवरच चालते, त्यामुळे इन्व्हर्टरची भानगड नाही. ती हळूहळू वेग घेते, त्यामुळे सुरुवातीचा झटका सौम्य असतो. आणि वीज गेली की दिवा आपोआप बंद राहतो. बॅटरी नवी असताना वीज गेल्यावरही पुढचा आख्खा दिवस दार अनेकदा उघडते आणि मिटते. पण या वाक्यातला "नवी असताना" हा तुकडा जाहिरातीत कधीच नसतो. आत बसवलेली बॅटरी बहुतेक वेळा १२ व्होल्ट, साडेचार-पाच अँपिअर-तासांची सीलबंद लेड-ॲसिड असते आणि ही जात उष्णतेला वाईट भिते. पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना आयुष्य साधारण निम्मे होते, हा बॅटरीवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. असे असताना ती बसवायची कुठे? तर संपूर्ण घरात उन्हाळ्यात जी जागा सर्वांत जास्त तापते तिथे, गॅरेजच्या छताला चिकटवून, पत्र्याच्या डब्यात, मोटरच्या शेजारी. कागदावर तीन ते पाच वर्षांचे आयुष्य असलेली बॅटरी तिथे दुसऱ्या वर्षीच धापा टाकू लागते, आणि वर निर्मात्याच्या वॉरंटीत बॅटरीला वेगळी, आखूड मुदत असते. म्हणजे ती किती टिकणार हे त्यांना पक्के ठाऊक असते.

बॅटरी मरत आहे हे कळावे यासाठी जी सोय केलेली आहे तिच्याबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतो. बॅटरी उतरली किंवा निकामी झाली की ओपनर ठरावीक वेळाने एक बारीक "पीप" करतो. काय बिघडले, किती बिघडले, किती वेळ उरला, यातले काहीही त्या आवाजातून कळत नाही. मध्यरात्री तो भिंतीपलीकडून येतो, आधी धूर ओळखणाऱ्या यंत्राचा वाटतो, मग फ्रिजचा वाटतो, घरातली सगळी उपकरणे एकेक करून निर्दोष सुटतात आणि शेवटी शिडी लावून छतापर्यंत पोहोचल्यावर एक मिणमिणता नारिंगी दिवा दिसतो. साहजिकच माणसे वैतागून बॅटरीची वायरच काढून टाकतात. आवाज थांबतो, आणि बॅकअपही! घरात मात्र पुढे वर्षानुवर्षे "आपल्या दाराला बॅटरी आहे" असेच सांगितले जाते.

खरी परीक्षा एकच असते: बॅटरीवर भार टाकून पाहणे. नुसत्या पडून असलेल्या बॅटरीचे व्होल्टेज मोजले तर मेलेली बॅटरीसुद्धा साडेबारा-पावणेतेरा व्होल्ट दाखवून साळसूदपणे बसते. मोटरने करंट मागितला की तीच दहाच्या खाली कोसळते, मोटर मंदावते, नियंत्रक सर्किटला वाटते की दाराला काही अडले, आणि दार मध्येच थांबते. महिन्यातून एकदा आपणहून वीज तोडून, दार अर्धे उचलून, बॅटरी किती दबते हे पाहायचे आणि दबली तर सांगायचे, एवढे काम तिथे आधीच बसलेल्या सर्किटकडून करून घेणे अवघड नाही. कित्येक मोठे यूपीएस स्वतःची अशी चाचणी घेतात. गॅरेजच्या दाराच्या वाट्याला मात्र पीप आणि पुस्तिकेतले एक वाक्य: बॅटरी वेळोवेळी तपासावी. कोणी, कशी, कधी, ते ग्राहकाने पाहून घ्यावे.

हा नुसता गैरसोयीचा प्रश्न असता तर मी एवढ्या तावातावाने लिहिले नसते. कॅलिफोर्नियात २०१७ च्या वणव्यांत वीज गेल्यावर काही माणसांना, विशेषतः वृद्धांना, गॅरेजची जड दारे हाताने उघडता आली नाहीत आणि त्यात जीव गेले. त्यानंतर तिथे २०१८ मध्ये कायदा झाला आणि १ जुलै २०१९ पासून घरांसाठी विकल्या जाणाऱ्या नव्या ओपनरला बॅटरी बॅकअप सक्तीचा झाला. कायदा योग्यच आहे. पण तो पाळला जातो विक्रीच्या दिवशी, आणि बॅटरी लागते चौथ्या वर्षी. खोक्यात बॅटरी आहे एवढ्यावर निर्माता मोकळा होतो. ती चौथ्या वर्षी जिवंत आहे का, हे मात्र ज्याला शिडीवर चढता येत नाही त्याच वृद्ध माणसाच्या गळ्यात पडते.

तक्रार केली की पलीकडून ठरलेले उत्तर येते: "लाल दोरी ओढा." ओपनरच्या रुळावरून लोंबणारी ती दोरी ओढली की दार मोटरपासून सुटते आणि हाताने उचलता येते. उत्तम. ती दोरी आतल्या बाजूला असते. गॅरेजला दुसरे दार नसेल आणि बाहेरून दोरी ओढण्याची किल्लीची सोय आधीच बसवून घेतलेली नसेल, तर बाहेर भिजत उभ्या असलेल्या माणसाला हा सल्ला देणे म्हणजे त्याच्या तोंडाला पाने पुसणे होय. आत असलो तरी गोष्ट सोपी नाही. दाराचे वजन शंभर किलोच्या घरात जाऊ शकते. ते स्प्रिंगांनी तोललेले असते म्हणून एरवी हलके लागते. स्प्रिंग तुटलेली असेल आणि दार वीतभर किंवा अर्धे उघडे अडकलेले असेल, तर दोरी ओढताक्षणी ते सगळे वजन खाली येते. म्हणून दोरी शक्यतो दार पूर्ण बंद असतानाच ओढावी, असे पुस्तिका बजावते. आणि बॅकअपने दार कुठे आणून सोडलेले असते? वीतभर वर.

शेवटी बॅटरी बदलावीच लागते, आणि तिथेही सुटका नाही. आतली बॅटरी तीच सर्वसामान्य १२ व्होल्टची, पण तिच्यावर निर्मात्याने प्लास्टिकचे एक वेगळे टोपण चढवून असे काही कनेक्टर लावलेले असतात की बाजारातली तशीच बॅटरी तिथे सहज बसू नये. या टोपणाची किंमत ग्राहकाने भरायची. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी नुसती पडून राहिली तरी दर महिन्याला थोडी थोडी उतरते आणि महिनोन् महिने चार्ज न करता ठेवली तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसून ती कायमची दुबळी होते. म्हणून घेताना ती कधी तयार झाली हे पाहायचे असते. ती तारीख अशा सांकेतिक अक्षरांत छापलेली असते की छापणाऱ्याखेरीज कोणाला वाचता येऊ नये. दुकानदाराला अर्थ विचारला, तर त्याने खोके उलटेसुलटे करून पाहिले, वरची धूळ बाहीने पुसली आणि म्हणाला, "साहेब, पॅकबंद आहे, म्हणजे नवीच."