घर बघताना मागच्या बारा महिन्यांची बिलं मागा

माझी मावसबहीण घर बदलतेय. दोन घरं तिने शेवटपर्यंत आणलीत, आणि कोणतं घ्यावं हे ठरवायला परवा मला फोन केला. भाडं, अनामत, ऑफिसला जायला लागणारा वेळ, स्वयंपाकघराचे फोटो असं सगळं तिच्याकडे तयार होतं. मी विचारलं, "वीज, पाणी, गॅस, मेंटेनन्स किती येतो?" तर म्हणाली, "ते काय, सगळीकडे सारखंच असेल ना." मग जुनी बिलं मागून घे म्हटल्यावर जरा घुटमळली आणि म्हणाली, "ताई, असं विचारलेलं बरं दिसतं का गं?"

तिच्या त्या प्रश्नामुळे ही पोस्ट लिहितेय. हो, बरं दिसतं. विचारायलाच हवं. भाडं हा घराच्या खर्चाचा फक्त एक भाग असतो, आणि उरलेला भाग करारात लिहिलेला नसतो.

मी हे स्वतः भोगलंय. काही वर्षांपूर्वी आम्ही भाडं कमी म्हणून एक घर घेतलं. सगळ्यात वरचा मजला, झोपायच्या खोलीची भिंत पश्चिमेला. आम्ही घर बघितलं थंडीत, सकाळी. हवेशीर, उजेडाचं, छान वाटलं. उन्हाळा आला तेव्हा कळलं की वरचा स्लॅब आणि ती भिंत दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर उष्णता खोलीत सोडत राहतात. रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला तरी कोमट लागायची. आधीच्या घरात एसी तासभर लावून बंद करायचो, इथे तो पहाटेपर्यंत चालायचा. माणसं तीच, सवयी त्याच, उपकरणंही तीच, आणि युनिट जवळजवळ दुप्पट. भाड्यात वाचलेले पैसे त्या चार महिन्यांतच संपले. त्याच घराची आदल्या वर्षीची उन्हाळ्यातली बिलं बघितली असती तर हे आधीच समजलं असतं.

म्हणून एका महिन्याचं बिल पुरत नाही. सलग बारा हवीत. आणि बघताना रक्कम आधी बघू नका, युनिट बघा. रकमेत सगळं मिसळलेलं असतं: स्थिर आकार, कर, मागची थकबाकी, कधी दंडसुद्धा. युनिट म्हणजे प्रत्यक्ष वापर. त्यातही रीडिंग खरं घेतलंय की सरासरी लावलीय, ते बिलावर शोधा. सरासरीची बिलं असतील तर त्यावरून काहीच कळत नाही. आणि एवढं जरूर विचारा: तेव्हा घरात किती माणसं होती, आणि दिवसा घरी कोणी असायचं का? दोघं दिवसभर बाहेर असणाऱ्यांचं बिल घरून काम करणाऱ्याने बघून खूश होण्यात अर्थ नाही.

आपला स्वतःचा अंदाज काढणंही फार अवघड नसतं. हजार वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. 15 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला साधारण अर्धं युनिट लागतं. चार माणसांच्या आंघोळीला रोज एवढं एवढं चार वेळा धरलं, तर महिन्याला 60 युनिट नुसत्या गरम पाण्याची. एका घरात सोलर असेल आणि दुसऱ्यात विजेचा गीझर, तर फरक कुठून येतो ते इथेच दिसतं. गॅसचंही तसंच. एका घरात सिलेंडर आणि दुसऱ्यात पाइप असेल तर किलो आणि घनमीटर यांची तुलना कशी करणार? दोन्ही उष्णतेत मोजा. सिलेंडरच्या एक किलो गॅसमधून साधारण 13 युनिट विजेइतकी उष्णता मिळते, पाइपच्या एक घनमीटरमधून साधारण 10. आता आपापल्या गावचा दर लावून भागाकार केला की झालं.

मीटर स्वतंत्र आहे का, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तोच कोणी विचारत नाही. बऱ्याच ठिकाणी वापर वाढला की पुढच्या युनिटचा दर चढतो. समजा पहिल्या 100 युनिटना एक दर आहे आणि त्यापुढे दुप्पट. दोन कुटुंबं, प्रत्येकी 100 युनिट, वेगवेगळे मीटर असतील तर दोघांनाही साधा दर. दोघं एकाच मीटरवर असतील तर दुसऱ्या शंभराला दुप्पट दर लागतो आणि एकूण बिल दीडपट होतं. काटकसर करूनही दोघं भरडले जातात. "सबमीटर (मुख्य मीटरच्या पुढे फक्त तुमचा वापर मोजणारा छोटा मीटर) आहे, काळजी करू नका," असं सांगितलं तर दर कोणता लावणार हे लिहून घ्या.

आणि स्वतंत्र मीटर असला तरी तपासा. त्याच वरच्या मजल्यावरच्या घरात एकदा बिलाचा काही केल्या मेळ बसेना, म्हणून मी घराचा मेन स्विच बंद केला आणि खाली मीटरपाशी जाऊन उभी राहिले. घरात सगळं बंद, तरी मीटरवरचा बारीक लाल दिवा लुकलुकत होता. मीटरवर छापलेलं होतं की 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. घड्याळ लावून मोजलं तर दर नऊ-साडेनऊ सेकंदांनी एकदा. हिशेब केला, साधारण 120 वॅट. जिन्यात 60 वॅटचे दोन जुने बल्ब दिवसरात्र जळत होते, आणि त्यांची वायर आमच्या मीटरनंतर, मेनच्या आधीच जोडलेली होती. महिन्याला 86 युनिट, सगळ्या मजल्यांच्या उजेडाची, आमच्या नावावर. घरमालकांना दाखवल्यावर त्यांनी जोडणी बदलून दिली, पण आधीच्या सगळ्या महिन्यांचे पैसे गेले ते गेलेच. ही तपासणी पाच मिनिटांची आहे. घर बघायला जाल तेव्हा, निदान किल्ली घ्यायच्या दिवशी, करून घ्या. त्याच वेळी वीज, पाणी आणि गॅसच्या मीटरचे आकडे दिसतील असे फोटो काढा, म्हणजे आधीच्या भाडेकरूच्या वापराचा वाद तुमच्या गळ्यात येत नाही.

पाण्याचं बिल मीटरप्रमाणे येतं की ठरावीक रक्कम, एवढं आधी विचारा. मीटर असेल तर रात्री सगळे नळ बंद करून आकडा लिहून ठेवा आणि सकाळी परत बघा. तो हलला असेल तर कुठेतरी गळती आहे. बहुतेकदा फ्लशची टाकी असते, आवाजही येत नाही. टाकीत थोडा रंग टाकून ठेवला आणि फ्लश न करताच खाली भांड्यात रंगीत पाणी आलं, की समजायचं.

मेंटेनन्समध्ये लिफ्ट, पंप, जनरेटर, कचरा यातलं काय धरलंय ते विचारा. इंटरनेट फार मोठा मुद्दा नाही, कोणाची लाइन तिथवर येते तेवढं बघून ठेवा.

मला मनापासून वाटतं की घर दाखवताना वर्षभराची बिलं समोर ठेवणं ही साधी रीत व्हायला हवी. भाड्याने राहणारा माणूस महिन्याच्या पगारातून हे सगळं भागवत असतो. त्याला भाड्याचा आकडा सांगायचा आणि बाकीचं आत शिरल्यावर कळू द्यायचं, यात त्याच्यावर अन्याय होतो. ज्यांची घरं भाड्याने द्यायची आहेत त्यांनाही हे सांगतेय. तुमचं घर थंड राहत असेल, वायरिंग नीट असेल, तर ती बिलं दाखवून तुम्हालाच चांगला भाडेकरू मिळेल.

बहिणीने काल दोन्ही ठिकाणी विचारलं. एका घरमालकीणबाईंनी फाइलच हातात दिली, बारा महिन्यांची, तारखेने लावलेली. दुसरीकडून नऊ महिन्यांची आली, मधले उन्हाळ्याचे तीन महिने नाहीत. ते तीन तिने मागितलेत. ते येईपर्यंत सही करायची नाही, असं आम्ही दोघींनी ठरवलंय.