पोटगी बुडवायची तर आमच्या दाजींकडून शिका

गेल्या मंगळवारी ताईबरोबर पुन्हा कोर्टाच्या व्हरांड्यात बसून आलो. तात्पुरत्या पोटगीच्या अर्जाची चौदावी तारीख. सकाळी तासगावहून एसटी, सांगलीत उतरून वडाप, दुपारी तीनला पुकारा आणि तीन वाजून दोन मिनिटांनी पुढची तारीख. येताना वाटलं, एवढी विद्या आपल्याजवळ ठेवणं पाप आहे. घटस्फोटाच्या वाटेवरच्या होतकरू नवरोबांसाठी लिहून काढतो. माझं त्यात काही नाही, सगळं दाजींचं.

घटस्फोटाचा दावा तुम्हीच टाका, आणि भयंकर घाईत टाका. बायकोनं हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली दावा चालू असेपर्यंतची पोटगी आणि कोर्टखर्च मागितला, की घाई सोडून द्या.

मग म्हणणं द्यायला मुदत मागा. एका तारखेला कागद मिळाले नाहीत, दुसऱ्या तारखेला तुम्हाला ताप, तिसऱ्या तारखेला वकीलसाहेब कोल्हापूरच्या सर्किट बेंचला. नोटीस लागू झाल्यापासून ६० दिवसांत अर्ज शक्यतो निकाली काढावा, असं कायदा म्हणतो. तो 'शक्यतो' नीट वाचा. आमचं दीड वर्ष त्यात आरामात बसलंय, अजून जागा आहे.

जमलंच तर तुम्हीच बायकोकडे पोटगी मागा. कलम २४ नवऱ्यालाही तेवढी मुभा देतं.

आता खरी कला, उत्पन्नाचं शपथपत्र. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा प्रकरणात दोन्ही बाजूंना मिळकत आणि देण्यांचं शपथपत्र सक्तीचं करून पंचाईत केली खरी, पण आपण सांगलीची माणसं. हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत ठेवायचे, वरून चालणाऱ्याला पत्ता लागत नसे. मिळकत तशीच पुरायची. लग्नाच्या बायोडाट्यात दाजींची चार एकर द्राक्षबाग होती, मार्केट यार्डात हळदीची अडत होती, दारात चारचाकी होती. शपथपत्रात बाग आईची, अडत वडिलांची, गाडी भावाची, आणि दाजी अडतीवर हिशेब लिहिणारे गडी, महिना नऊ हजारावर! बैठकीत हुंडा नको म्हणताना 'आम्हाला काय कमी आहे' हे वाक्य याच गड्याचं होतं, मी शेजारी पोहे खात होतो. आणि ताईचं उत्पन्न? ते मात्र बरोब्बर सापडलं. तिनं ब्लाऊज शिवायला हप्त्यानं मशीन घेतलं, तर माणूस पाठवून खिडकीतून त्याचा फोटो काढला आणि 'अर्जदार स्वतंत्र व्यवसाय करते' म्हणून कोर्टात लावला. त्या मशीनचा हप्ता कोण भरतं याचा फोटो नाही काढला. अहो, बायको उपाशी राहत नाही याचा पुरावा गोळा करत फिरता? तेवढ्या पेट्रोलमध्ये एक महिना निघाला असता!

असो. सल्ले देत होतो, नाही का.

नाही, राहू दे. दाजी, आता तुमच्याशीच बोलतो. त्याच २०२० च्या निकालात आणखी एक गोष्ट आहे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची आहे, आदेशाच्या नव्हे. चौदा तारखांत तुम्ही दमडी वाचवली नाही, नुसती थकवलीत. धडधाकट नवऱ्यानं अंगमेहनत करून का होईना बायकापोरांना पोसलं पाहिजे, हे २०२२ मध्येही त्याच न्यायालयानं सांगितलंय. आणि पेवात पाणी शिरलं की काय होतं, ते २००५ च्या पुरात अख्ख्या हरिपुरानं पाहिलंय.

पोरगी दुसरीत गेली. दप्तर मी घेतलं, चष्मा मी केला, त्याचं काही नाही, मामा आहे मी. पण तिला चष्मा लागलाय हे तरी माहीत आहे का तुम्हाला? लाज वाटायला हवी.

पुढची तारीख १९ ला आहे. स्वतः या. वकिलाच्या मागं लपू नका.