पुणेकर व्हा, बसल्या जागी

पुण्यात राहून पुणेकर होणं हा जुना आणि वेळखाऊ मार्ग. त्याला तीन पिढ्या लागायच्या, पेठेत घर लागायचं, आणि ते भाड्याचं असेल तर घरमालकाशी कोर्टात एक दावाही लागायचा. तुम्ही दोन वर्षांपूर्वी वाघोलीत फ्लॅट घेतलाय, हप्ते चालू आहेत, तुम्हाला एवढी सवड कुठली? पण मोबाईल आहे ना हातात? मग झालं.

आधी एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपात शिरा. नावात ‘अस्सल’ हा शब्द असलाच पाहिजे. ॲडमिन लातूरचा असला तरी चालेल, खरंतर असावाच, कारण मुरलेला सदाशिवपेठी माणूस असल्या ग्रुपापायी दुपारची झोप मोडून घेत नाही. एका ग्रुपात आता 1024 माणसं मावतात. वाड्यात इतकी मावली असती तर नळावरच निकाल लागला असता. इथे कुणी कुणाचं तोंडही पाहिलेलं नसतं, म्हणून ‘आपण पुणेकर’ म्हणताना कुणाला अडखळायला होत नाही.

हे नवं आहे असं मात्र समजू नका. 1881 साली ‘केसरी’ निघाला तेव्हाही एकमेकांना कधी न भेटलेली माणसं एकच मजकूर वाचून ‘आपण’ म्हणायला लागलीच होती. फरक किरकोळ आहे. कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध छापलेली पत्रं बनावट निघाली, तेव्हा टिळक-आगरकरांना 1882 साली डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. तुम्हाला त्याच कामाचे 14 अंगठे मिळतात. पुढे मतभेद झाले तेव्हा आगरकर बाहेर पडले आणि 1888 साली त्यांनी ‘सुधारक’ काढला. तुम्ही असलं काही करू नका. मतभेद झाले तर ग्रुप म्यूट करा.

फॉरवर्ड करण्याचंही एक तंत्र आहे. फार फिरलेल्या मेसेजवर दोन बाण उमटतात आणि 2020 पासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. म्हणून तो कॉपी करून नव्याने चिकटवा आणि खाली लिहा, ‘एका जुन्या पुणेकराच्या वहीतून’. बाण जातात, वजन येतं.

पगडी घ्या. पुणेरी पगडीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा ती आता कायद्यानेही पुणेरी आहे. डोकं कुठलंही चालतं. मिसळीच्या रीलवर चार सेकंद जास्त रेंगाळा. पलीकडचं यंत्र ते मोजतं आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला ढोल, पगडी, पाटी, पुन्हा मिसळ असं वाढत राहतं. रहिवासी दाखल्याला याहून जास्त कागद लागतात.

आता पाट्या. हा विषय जरा बैजवार समजून घ्या.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी साडीच्या खोक्याच्या झाकणावर मार्करने लिहून, सुतळीने फाटकाला एक पाटी बांधली: ‘येथे दुचाकी लावू नये. लावल्यास हवा सोडण्यात येईल. पंप मागू नये.’ राग खरा होता. समोरच्या क्लासची पोरं रोज फाटक अडवायची. पाटी त्या पाच-सहा पोरांसाठी होती, महाराष्ट्रासाठी नव्हती.

कुणीतरी फोटो काढला. आठ महिन्यांनी तो आमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर आला. कडा कापलेल्या, खाली पिवळ्या अक्षरांत ‘सदाशिव पेठ, पुणे 30’. पाठवणारे काकाच. सोबत तीन हसरे चेहरे आणि ‘याला म्हणतात पुणेरी बाणा!’

मी खाली जाऊन म्हटलं, “काका, ही तुमची पाटी आहे.”

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो दोन बोटांनी मोठा केला, लहान केला. “छे रे. आमचं आपलं साधं असतं. हे बघ, हे वळण पेठेतलंच.” कोपऱ्यात त्यांच्याच तुळशीची कुंडी दिसत होती, निळा रंग उडालेली. ती दाखवली. म्हणाले, “तशा कुंड्या काय, सगळीकडे असतात.”

शेवटी पटलं त्यांना. पटल्यावर त्यांनी झाकण बदललं. आता पांढरं आहे, अक्षर ठसठशीत, तोंड क्लासकडे नाही, रस्त्याकडे. मजकूर तोच, फक्त खाली काकांनी स्वतःच्या हाताने ‘अस्सल पुणेरी’ जोडलंय. पोरं अजूनही तिथेच गाड्या लावतात.

परवा एक जोडपं स्कूटर बरोब्बर फाटकात आडवी लावून पाटीचा फोटो घेत होतं. काका जिना उतरून आले. म्हटलं, आता जाते हवा. काकांनी सुतळी ओढून झाकण सरळ केलं आणि दोन पावलं बाजूला झाले.

“हं, आता घ्या. मघाशी तिरकं येत होतं.”