डेव्ह गिबन्स ‘वॉचमेन’च्या आधीही होता
कॉमिक्स वाचणाऱ्यांमध्ये एक मजकूर दर काही महिन्यांनी नव्याने फिरू लागतो. त्याचा सारांश असा: १९८६ साली ‘वॉचमेन’ हे गाजलेलं अमेरिकी कॉमिक येईपर्यंत त्याचा चित्रकार डेव्ह गिबन्स हे नाव कुणाच्या गावी नव्हतं, त्याचा लेखक अ‍ॅलन मूरने गिबन्सला हाताला धरून अमेरिकेत नेलं, आणि मूरच्या संहितेत रेघन्‌रेघ लिहिलेली असल्यामुळे गिबन्सला ती फक्त गिरवायची होती. हजारो लोक हे खरं मानून पुढे पाठवतात. मला याचा मनापासून राग येतो, कारण एका चित्रकाराची दहा-बारा वर्षांची मेहनत यात पुसली जाते.

आधी ‘कुणाच्या गावी नव्हतं’ हे घेऊ. १९४९ साली लंडनमध्ये जन्मलेला गिबन्स व्यवसायाने बिल्डिंग सर्व्हेयर होता. चित्रकला तो स्वतःची स्वतः शिकला. ब्रिटिश कॉमिक्समध्ये त्याचा शिरकाव झाला तो आयपीसी या प्रकाशनगृहात संवादांच्या फुग्यांतली अक्षरं लिहिणारा म्हणून. चित्रांचं काम वाढलं तेव्हा त्याने सर्व्हेची नोकरी सोडली.

मग १९७५च्या सुमाराला ‘पॉवरमॅन’ आलं. हे कॉमिक लंडनमध्ये तयार होई आणि विकलं जाई नायजेरियात. एक अंक गिबन्स काढायचा, पुढचा ब्रायन बोलंड हा दुसरा चित्रकार. तिथल्या वाचकांना कॉमिक्सची सवय नाही असं गृहीत धरून चित्रकारांना सांगितलेलं होतं की पानावर सहापेक्षा जास्त चौकटी नकोत आणि प्रत्येक चौकटीला क्रमांक हवा. त्या वाचकांना असं कमी लेखणं मला पटत नाही. पण चित्रकारासाठी ही तालीम जबरदस्त होती. सजावटीला जागाच नाही. नजर कुठून निघून कुठे पोचणार एवढाच प्रश्न. ‘वॉचमेन’ची पानं उघडून बघा. नऊ चौकटींची ती शांत, ठाम जाळी ज्या हाताने आखली, तो हात मला ‘पॉवरमॅन’मध्ये तयार होताना दिसतो.

फेब्रुवारी १९७७मध्ये ‘२००० एडी’ हे ब्रिटिश कॉमिक्स साप्ताहिक सुरू झालं आणि त्याच्या पहिल्याच अंकापासून गिबन्स ‘हार्लेम हीरोज’ काढत होता. त्याच वर्षी त्याच्याकडे ‘डॅन डेअर’ ही चित्रकथा आली. फ्रँक हॅम्पसनने १९५०मध्ये ‘ईगल’ या साप्ताहिकातून आणलेला हा अंतराळवीर म्हणजे ब्रिटिश पोरांच्या दोन पिढ्यांचा जीव की प्राण. असं पात्र काय कुणाही अनोळखी माणसाच्या हाती देतात? १९७९मध्ये बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेवरचं ‘डॉक्टर हू वीकली’ निघालं, तिथेही मुख्य चित्रकथा त्याचीच. पॅट मिल्स आणि जॉन वॅग्नर या लेखकांसोबत केलेल्या ‘द स्टार बीस्ट’ या १९८०च्या कथेवरून बीबीसीने २०२३मध्ये ‘डॉक्टर हू’चा विशेष भाग केला. त्यातला केसाळ, गोंडस आणि महाकपटी प्राणी मीप हा गिबन्सच्याच रेषेतला.

मग हा माणूस अनोळखी का वाटतो? एक कारण असं की ब्रिटिश साप्ताहिकांत चित्रकाराचं नाव छापायची पद्धतच नव्हती. ‘२००० एडी’त केव्हिन ओनील या चित्रकाराने नावांची चौकट सुरू केली तेव्हा कुठे वाचकांना कळलं की हे कोण काढतं. नाव छापलं नाही म्हणून काम नव्हतं, असं होत नाही.

‘मूरने अमेरिकेत नेलं’ हे तर तारखा पाहिल्या तरी कोसळतं. डीसी या अमेरिकी कॉमिक्स प्रकाशनाचा संपादक लेन वाइन याने गिबन्सला काम दिलं १९८२मध्ये, ‘ग्रीन लँटर्न’च्या कथांसाठी. त्याच वाइनने मूरला ‘स्वॅम्प थिंग’साठी बोलावलं ते त्यानंतर. आणि ‘वॉचमेन’च्या वेळी मूर आणि गिबन्स एकमेकांना नवखेही नव्हते. ‘२००० एडी’त त्यांनी ‘क्रोनोकॉप्स’सारख्या छोट्या कथा एकत्र केल्या होत्या, १९८५च्या सुपरमॅन वार्षिकांकातही जोडी हीच.

राहिला गिरवण्याचा आरोप. ‘वॉचमेन’च्या पहिल्या अंकाची मूरची संहिता टंकलिखित १०१ पानांची होती, मध्ये मोकळी ओळसुद्धा न सोडता लिहिलेली, हे खरं आहे. पण त्या जंगलातून वाट गिबन्सने काढली. हातातून पडली तर क्रम लागावा म्हणून तो आधी पानांना आकडे घालायचा, मग रंगीत पेनने खुणा करत काय काढायचं ते वेगळं करायचा. नऊ चौकटींची जाळी सुचवली त्याने. अक्षरंही त्याचीच. रंग जॉन हिगिन्सचे, आणि त्याचं नाव तर त्या फिरत्या मजकुरात येतही नाही.

आणि तो पिवळा हसरा बिल्ला, ज्याच्यावरून जग ‘वॉचमेन’ ओळखतं? कॉमेडियन या पात्राची रेखाटनं फार काळवंडलेली वाटली, तेव्हा ती जरा हलकी करायला गिबन्सने तो त्याच्या छातीवर लावला. रक्ताचा शिंतोडा नंतर आला, तोही त्यानेच काढला.